फ्रायरचा पायलट नॉब सोडला की विझतो, नवीन थर्मोकपल टाकूनही

तळणीवाला

नमस्कार मंडळी. दोन टाक्यांचा कमर्शियल डीप फ्रायर आहे. प्रत्येक टाकीला वेगळा पायलट (मुख्य बर्नर पेटवणारी छोटी ज्योत) आणि वेगळा सेफ्टी वाल्व्ह. गेल्या महिन्यात सिलिंडरवरून पीएनजीवर (पाइपने येणाऱ्या गॅसवर) आलो, तेव्हापासून दोन्ही पायलट त्रास देतात. डावा पेटतो, पण नॉब ४० सेकंद दाबून धरला तरी सोडताक्षणी विझतो. उजवा टिकतो, मात्र मुख्य बर्नर पेटवल्यावर पाच-सात मिनिटांत सगळं बंद. दोन्हीकडे नवीन थर्मोकपल (पायलटच्या ज्योतीने तापून वीज देणारा आणि त्यावर वाल्व्ह उघडा ठेवणारा सेन्सर) टाकले, फरक शून्य. मेकॅनिक आता अख्खा वाल्व्ह बदला म्हणतोय. मल्टिमीटर आहे. काय काय मोजू?

मिलिव्होल्ट

वाल्व्हवर पैसे घालू नका, ती शेवटची पायरी. आधी ज्योत पाहा, मग मीटर काढा. ज्योत निळी, ताठ आणि थर्मोकपलच्या टोकाचा वरचा १० ते १२ मिमी भाग वेढणारी हवी. पिवळी आणि लवलवती असेल तर पायलटचं हवेचं भोक पीठ-तेलाच्या चिकट थराने बुजलेलं असतं. तळणीच्या कामात हे हटकून होतं.

मीटर डीसी २०० मिलिव्होल्टवर ठेवा. थर्मोकपलचा नट वाल्व्हवरून सोडा. एक प्रोब तांब्याच्या नळीवर, दुसरा नटातून डोकावणाऱ्या टोकाच्या बिंदूवर. दुसऱ्याला नॉब दाबून धरायला सांगा आणि मिनिटभराने आकडा वाचा. २५ ते ३० मिलिव्होल्ट आले तर उत्तम. २० च्या खाली असेल तर ज्योत किंवा कपल यांपैकी एक कमी पडतंय. उणे आकडा आला तर प्रोब उलटे आहेत, घाबरू नका.

कपल उष्णतेच्या फरकावर चालतं, म्हणजे तापलेलं टोक आणि थंड टोक यांच्या तापमानातल्या फरकावर. बसवायच्या ब्रॅकेटमध्ये ते फार वर सरकलं आणि खालचा भागही ज्योतीत किंवा मुख्य बर्नरच्या झळेत आला, की फरक कमी होऊन व्होल्टेज घसरतं. उजव्या टाकीचं लक्षण यात बसू शकतं.

जेट_नंबर

मिलिव्होल्ट यांच्याशी सहमत, पण मला संशय पायलटच्या जेटचा (गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीचा) आहे. पीएनजीवर नेताना मुख्य बर्नरचे जेट बदलतात, पायलटचा सर्रास राहून जातो. एलपीजीत घनमीटरमागे पीएनजीच्या अडीच ते तीनपट उष्णता असते, म्हणून तिचं पायलट जेट बारीक. एलपीजीचं ०.२ मिमीच्या आसपास आणि पीएनजीचं साधारण ०.३५ मिमी असे आकडे नेहमी दिसतात. नेमका आकडा तुमच्या पायलटच्या मॉडेलप्रमाणे. जेटवर अंक कोरलेला असतो, भिंग लावून वाचा. जुन्या जेटमधून पीएनजी सोडला तर ज्योत इवलीशी होते आणि टोकाला जेमतेम शिवते. पायलट पेटलेला दिसतो, म्हणून कपलवर आळ येतो.

जुनंच जेट सुईने मोठं करायचा मोह टाळा. भोक वेडंवाकडं होतं आणि ज्योत एका बाजूला झुकते. साफ करायचं असेल तर स्पिरिटमध्ये बुडवून उलट्या बाजूने हवा मारा.

तळणीवाला

मोजलं. डावा १४, उजवा १९. डावीकडे ज्योत टोकाला नुसती चाटून जाते. दोन्ही जेटवर २० कोरलंय.

जेट_नंबर

मग २० म्हणजे ०.२०, एलपीजीचंच. मॉडेल नंबर देऊन पीएनजीचं जेट मागवा, दोन्हीकडे बदला. शिवाय गॅसचा दाब मॅनोमीटरवर (पाणी भरलेल्या यू आकाराच्या नळीवर) दोनदा पाहून घ्या: एकदा सगळे बर्नर बंद ठेवून, एकदा किचनमधले सगळे चालू करून. उपकरणाच्या पाटीवर २० मिलिबार लिहिलं असेल तर त्या नळीत पाण्याची सुमारे २०४ मिमी उंची यायला हवी. मुख्य बर्नर पेटताच ती खूप पडत असेल तर पायलटही तेव्हाच खचतो. मग दोष पाइपच्या जाडीत किंवा रेग्युलेटरमध्ये, फ्रायरमध्ये नाही.

निळी_ज्योत

गॅस बंद करूनच खोला, जोडल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावा. माचिसने गळती बघणारे अजून आहेत म्हणून सांगतो. थर्मोकपलचा नट हाताने घट्ट झाला की पान्याने फक्त पाव वेढा. त्यापुढे आवळला तर टोकाखालचा इन्सुलेशनचा वॉशर चेपतो आणि नवाकोरा कपल शॉर्ट होतो. नळी तीक्ष्ण कोनात वाकवू नका.

एक्झॉस्ट हूडची ओढही बघा. पंखा फुल असताना ज्योत कलते का?

तळणीवाला

जेट आले, बसवले. आता डावीकडे २७ आणि पायलट टिकतो. उजवीकडेही २७, तरी नॉब सोडला की विझतो! आधी निदान टिकत तरी होता. दाब ठीक आहे, हूड बंद ठेवूनही तेच.

मिलिव्होल्ट

उजवीकडे कपल आणि वाल्व्ह यांच्या मध्ये दोन वायरींचा जोड आहे का? बहुतेक असेल. फ्रायरमध्ये तेल अतितापलं की पायलटसकट सगळं बंद करणारा हाय-लिमिट स्विच तिथे मालिकेत जोडतात. काम करताना ती टर्मिनलं हलली असतील.

नट सोडून मोजलेले २७ हे बिनभाराचे. वाल्व्हमधला मॅग्नेट (कपलच्या विजेवर वाल्व्ह उघडा धरणारा) जोडला की निरोगी कपलही साधारण निम्म्यावर येतो. या सर्किटचा एकूण रोध ओहमच्या काही शतांशांत असतो, त्यामुळे संपर्कावर किंचित गंज असला तरी करंट पडतो. मीटरची कंटिन्युइटीची शिट्टी इथे फसवते, ०.०५ ओहमला ती खुशाल वाजते.

म्हणून असं मोजा. सगळं जोडलेलं, पायलट पेटलेला, नॉब दाबून धरलेला. प्रोब हाय-लिमिटच्या दोन टर्मिनलांवर. शून्याच्या आसपास आलं तर लिमिट ठीक. पाच-सात मिलिव्होल्ट आले तर तेवढे तिथेच खाल्ले जातात. पूर्ण २७ आले तर संपर्क उघडाच आहे. टर्मिनलं काढून बारीक पॉलिश पेपरने घासा, चिमट्याने आवळून बसवा आणि परत मोजा.

तळणीवाला

९ मिलिव्होल्ट. घासून ८.

मिलिव्होल्ट

मग संपर्क आतून जळलाय, हाय-लिमिट बदला. शहानिशा करायची तर टाकी थंड असताना मिनिटभर तो वगळून कपल थेट वाल्व्हला जोडा. पायलट टिकला तर वाल्व्ह निर्दोष. पण वगळलेल्या अवस्थेत मुख्य बर्नर अजिबात पेटवायचा नाही, थर्मोस्टॅट अडकला तर तेल पेट घेतं. नवीन लिमिट त्याच तापमानाचा घ्या, त्याचा बल्ब (तापमान टिपणारं टोक) तेलात पूर्वीच्याच जागी बसवा.

शेवटी दोन्ही टाक्यांवर एक चाचणी: पायलट पाच मिनिटं चालू ठेवा, मग वाल्व्हच्या अलीकडचा कॉक बंद करा आणि घड्याळ लावा. मॅग्नेट सुटल्याची टक ऐकू यायला हवी. दीड मिनिटात आली नाही तर मॅग्नेट चिकटतोय. मात्र मग मेकॅनिकचं ऐकून वाल्व्ह बदलाच.