शब्दचर्चा : प्रेमकथेतल्या ‘ट्रोप’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
प्रेमकादंबऱ्यांवर लिहिताना ‘ट्रोप’, म्हणजे गोष्टींमध्ये पुन्हा पुन्हा येणारी ओळखीची कल्पना, हा शब्द पदोपदी लागतो. भांडणाऱ्या दोघांचं प्रेमात पडणं, लोकांना दाखवण्यापुरतं जमवलेलं नातं, दोघांनी एका खोलीत अडकणं, शेवटाआधी तुटणं. कुणी याला ‘साचा’ म्हणतं, कुणी ‘रूढ कल्पना’. नेमका शब्द कोणता? आणि एकेका प्रकाराला काय म्हणावं?

उत्तर १
‘साचा’ नको. त्या शब्दात निकाल आधीच लागलेला असतो. झिजलेल्या कल्पनेसाठी ‘चावून चोथा झालेली’ हा प्रयोग आहेच. लोकसाहित्याच्या अभ्यासातला ‘कल्पनाबंध’ हा ‘मोटिफ’साठीचा, म्हणजे कथांमधून पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या घटकासाठीचा शब्द. खुणेची अंगठी हा कल्पनाबंध झाला. ट्रोप त्याहून मोठा असतो, कारण पुढे काय व्हायला हवं याची अपेक्षा त्यात गुंतलेली असते.

मी ‘कथासंकेत’ सुचवते. चकोर चांदणं पिऊन जगतो, चक्रवाकाची जोडी रात्री वेगळी होते, यांना आपण कविसंकेत म्हणतो. राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या काव्यशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात त्यांची चर्चा केली आहे. हे खरं नाही हे कवीला माहीत, रसिकालाही माहीत, तरी दोघांनी ते मान्य केलेलं. ट्रोपचा व्यवहार असाच चालतो. शिवाय ‘संकेत’ म्हणजे प्रेमिकांची ठरलेली भेटही. ‘संकेतस्थळ’ मुळात त्या भेटीची जागा, वेबसाइट हा अर्थ अगदी अलीकडचा.

उत्तर २
‘कथासंकेत’ पटला. आता प्रकार.

‘एनिमीज टू लव्हर्स’चं ‘शत्रूपासून प्रियकर’ करू नका. ‘शत्रू’ हा शब्द फार जड आहे. आपल्याकडे ‘छत्तीसचा आकडा’ आहे: ३६ मध्ये दोन्ही अंक एकमेकांकडे पाठ करून बसतात, ६३ मध्ये समोरासमोर येतात. म्हणून ‘छत्तिसाचे त्रेसष्ट’. नावातच अट आली, कारण अंक तेच राहतात, फक्त तोंडं वळतात. हा संकेत फसतो तो इथेच. पहिल्या भागात नायक तिचा जाहीर अपमान करतो, पुढे लेखक त्याला मवाळ करतो, पण आधीच्या वागण्याचा हिशेब कुठेच होत नाही. मुळात वैराला कारण हवं, आणि ते चूक तरी ठरावं किंवा त्याची भरपाई तरी व्हावी.

‘फेक डेटिंग’ला ‘लुटुपुटूचं प्रेम’. ‘लटकं’ टाळावं, कारण लटका राग हा मुळात प्रेमातलाच, त्याने गोंधळ होईल. ‘फोर्स्ड प्रॉक्सिमिटी’ म्हणजे सक्तीचा सहवास, आणि एकच पलंग हा त्याचाच पोटप्रकार. ‘स्लो बर्न’ला, म्हणजे हळूहळू फुलत जाणाऱ्या प्रेमाला, ‘मंद आच’.

उत्तर ३
मंद आचेबद्दल थोडं. शंभर पानं काहीच घडत नाही, त्याला मंद आच म्हणू नये. आच मंद असली तरी विझलेली नसते. तपासायची रीत सोपी आहे: प्रत्येक भेटीनंतर दोघांमधलं काय बदललं, ते एका वाक्यात लिहावं. ओळीने दोन भेटींना तेच वाक्य आलं, तर त्यातली एक भेट काढावी.

‘प्रेमाचा त्रिकोण’ हा शब्द रुळलेला आहे, पण बहुतेक त्रिकोणांना तिसरी बाजूच नसते. मधली व्यक्ती दोघांशी जोडलेली, ते दोघे मात्र एकमेकांना जेमतेम ओळखतात. तो नुसता कोन झाला. वाचक वैतागतात ते अशा कोनावर, कारण निवड कुणाची होणार हे दिसत असतं आणि दुसरा उमेदवार केवळ पानं भरायला असतो. ते दोघे भाऊ किंवा जिवलग मित्र असले की प्रत्येक निवडीने दुसरं एक नातंही तुटतं, आणि तिसरी बाजू उभी राहते.

प्रश्न
आणि ‘थर्ड ॲक्ट ब्रेकअप’, म्हणजे ते शेवटाआधीचं तुटणं? सर्वांत जास्त राग याच्यावरच दिसतो.

उत्तर १
इथे मराठी शब्दांनी काम सोपं होतं. ३०० पानांच्या कादंबरीत २२५ व्या पानाच्या आसपास जे तुटतं, ते नेमकं काय आहे? अबोला, रुसवा, दुरावा की ताटातूट? अबोला न बोलण्याने येतो, बोललं की सुटतो. रुसव्याला मनधरणी हवी. दुरावा स्वभावातून आणि भीतीतून येतो, त्याला कुणीतरी बदलावं लागतं. ताटातूट बाहेरून येते.

राग येतो तो अबोल्याला दुराव्याचं सोंग दिल्यावर. ‘ती माझी बहीण होती’ एवढ्या एका वाक्याने मिटणारी गोष्ट पन्नास पानं ताणली, की वाचक पात्रांवर नाही, लेखकावर चिडतो.

जुन्या शास्त्रात हा विचार आहे. ‘साहित्यदर्पण’ या काव्यशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात विप्रलंभाचे, म्हणजे प्रेमातल्या विरहाचे, चार प्रकार दिले आहेत: पूर्वराग (भेटीआधीची ओढ), मान (रुसवा), प्रवास आणि करुण. त्यातल्या मानाचेही प्रणयमान (प्रेमातलाच रुसवा) आणि ईर्ष्यामान (मत्सरातून आलेला) असे दोन. भांडून नंतर पस्तावणारी नायिका ‘कलहांतरिता’, तर ज्याच्या अंगावर दुसरीच्या सहवासाच्या खुणा दिसतात त्याच्यावर संतापलेली ‘खंडिता’. दोघी रागावलेल्याच, पण समेटाची वाट वेगळी. कलहांतरितेने स्वतः पाऊल उचलावं, खंडितेकडे त्याने यावं.

उत्तर २
कारण बदललं की संकेत कसा बदलतो, याला शकुंतलेच्या कथेइतकं स्वच्छ उदाहरण नाही. महाभारतातला दुष्यंत तिला ओळखूनही ओळख नाकारतो. कालिदासाने दुर्वासांचा शाप आणि हरवलेली अंगठी आणली. नकार तोच, पण वाचकाला संतापाऐवजी हळहळ वाटते. म्हणून अनुवाद करताना ‘ब्रेकअप’ला एकच ठरीव शब्द देऊ नये. आधी कारण बघावं: शाप असेल तर ताटातूट, जाणूनबुजून नाकारलं असेल तर सरळ ‘नकार’ लिहावं.