मुलांना घेऊन पेरू, पाठीवर सॅक: कशासाठी?

गंगापूर_रोडकर:
मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघं आणि मुलं (वय ११ आणि ७) दक्षिण अमेरिकेतला पेरू देश फिरून आलो. टूर कंपनी नाही, ज्याची सॅक त्याच्या पाठीवर, लांब पल्ल्याच्या बस, जमेल तिथे लोकांच्या घरी मुक्काम. आल्यापासून नातेवाइकांचं एकच पालुपद: "एवढ्या लांब नेलंत, पोरांना काय कळलं?" माझं म्हणणं, आमच्यापेक्षा जास्त कळलं.

माचू पिच्चूत, म्हणजे डोंगरावरच्या जुन्या इंका शहरात, धाकटा कंटाळला, हे खरं. ठरलेल्या वाटेनेच पुढे सरकायचं, आत स्वच्छतागृह नाही, बाहेर पडलात की त्या तिकिटावर परत प्रवेश नाही. त्यामुळे इंका स्थापत्य कमी आणि "शू आली का?" जास्त. पण तितिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावरून दोघं हलेनात. तिथे विणकामाच्या सुया पुरुषांच्या हातात असतात, मुलगे लहानपणीच शिकतात. थोरल्याच्याच वयाचा एकजण चढ चढता चढता टोपी विणत होता. लोकर मानेमागून घेतलेली, नजर आमच्यावर, सुया चालूच. विणकाम हे आजीचं काम, असं आमच्या चिरंजीवांचं ठाम मत होतं. तिथून पुढे ते ऐकू आलं नाही.

ट्रेकवेडा:
ताई, टोपीचं राहू द्या. माचू पिच्चूला जाताना लागणारं कुस्को शहर ३,४०० मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) दुपटीहून उंच. राजधानी लिमा समुद्रकाठी. तिथून विमानात बसलं की दीडेक तासात कुस्को. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो. मोठा माणूस निदान सांगतो की डोकं ठणकतंय. सात वर्षांचं पोर नुसतं किरकिरतं, ताट बाजूला सारतं, आणि आईबाप म्हणतात प्रवासाने दमलंय. "आमची पोरं हरिहर गडाच्या पायऱ्या चढलीत" म्हणून निर्धास्त राहणारे पालक मी पाहिलेत. त्या पायऱ्यांचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

गंगापूर_रोडकर:
दादा, म्हणूनच आधी अरेक्विपा शहर (२,३३५ मीटर). मग कुस्कोला उतरून न थांबता खाली ओयांताइताम्बो गावी, साधारण २,८००. माचू पिच्चू तर २,४३० वरच आहे. त्यानंतर कुस्कोत मुक्काम, आणि तितिकाका (३,८१२) सगळ्यात शेवटी.

ट्रेकवेडा:
क्रम चोख आहे. पण त्याला सुट्टी लागते. तुमचे फोटो बघून आठवड्यात सगळं उरकायला निघणाऱ्यांची मला काळजी.

सिडको_काकू:
वाद चालू द्या, एक कामाचं सांगते. पेरू आपल्या सरकारच्या पीतज्वराच्या (यलो फीवर, जंगलातल्या डासांमुळे होणारा ताप) यादीत आहे. तिथून थेट परतताना लशीचं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. "आम्ही जंगलाकडे फिरकलोच नाही" हे चालत नाही, यादी देशाप्रमाणे आहे. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, आणि ठरलेल्या केंद्रातच. नऊ महिन्यांवरच्या मुलांनाही कार्ड लागतं.

पेठचा_मास्तर:
पोरांना जग दाखवायला माझा विरोध नाही, मी मास्तर आहे. विरोध साधेपणाच्या आवेशाला आहे. भारतातून पेरूला थेट विमान नाही. चौघांनी विमानं बदलत अर्धी पृथ्वी ओलांडायची आणि पोचल्यावर स्वस्तातली खोली शोधून "आम्ही साधे प्रवासी" म्हणायचं! त्या तिकिटांत आमच्याकडे एखाद्याचं घर उभं राहतं.

आणि ते विणणारं पोर. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर अकरा वर्षांचा पोरगा भाताच्या लावणीला चिखलात उतरतो, गुरं वळतो. त्याला पाहून नाशिकच्या पाहुण्यांना बालमजुरी आठवते. ताकिलेत तेच दिसलं की संस्कृती. का बरं?

येवलेकर:
मास्तरांना अनुमोदन. आमच्याकडे हातमागावर पैठणी विणतात, नाशिकपासून दोन तासांवर. लोक येतात, साडीचा भाव करतात, मागासमोर फोटो काढतात, निघतात. पोरं गाडीत मोबाइल बघत बसलेली. 😀

सिडको_काकू:
पेरूतही पोरांना मोबाइल दिलाच असेल की हो!

गंगापूर_रोडकर:
काकू, बसमध्ये दिला, नाही कशाला म्हणू.

मास्तर, तुमचा प्रश्न बोचला आणि बोचायलाच हवा होता. पण एक बघा. आपल्याच जिल्ह्यातल्या पाड्यावर आपण जातो ते वह्या, ब्लँकेटं घेऊन, देणारे म्हणून. मुलं तेच शिकतात. पेरूत अडाणी आम्हीच. स्पॅनिश येत नाही, बस कुठून सुटते ते ठाऊक नाही. धाकट्याला पाणीसुद्धा खुणांनी मागावं लागलं, आणि घरातल्या बाई त्याला हसल्या. ते हसू त्याला सोसावं लागलं. घराजवळ हे घडत नाही.

पेठचा_मास्तर:
घडत नाही की घडू दिलं नाही? पाड्यावर कोकणा बोली चालते. ती तुम्हाला कुठे येते? मुक्कामाला या, आमच्या म्हाताऱ्याही हसतील.

येवलेकर:
आता सापडलात, ताई!

गंगापूर_रोडकर:
सापडले तर सापडले. मास्तर, येते, पण एक अट. ताकिलेत जेवणाचे, मुक्कामाचे पैसे आधी ठरलेले होते, त्यामुळे कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. तुमच्याकडे ते घर रोख पैसे घेणार का? "पाहुण्यांकडून कसले पैसे" म्हणणार असतील, तर मी पुन्हा वह्याच घेऊन येईन, आणि मग आपला वाद आहे तिथेच.