अनंताची कोवळी पाने पिवळी पडत आहेत, कळ्याही गळतात. झाड हलवावे का?

नमस्कार. आमचे घर कोल्हापुरात रंकाळ्याच्या बाजूला आहे. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंनी गगनबावड्याकडच्या आपल्या माहेराहून अनंताची फांदी आणली आणि ती पावसाळ्यात जगली. तिथे जांभ्याच्या तांबड्या मातीत, कोणी लक्ष देत नसतानाही, मूळ झाड बाराही महिने हिरवेगार असते. आमच्याकडचे मात्र कंबरेइतके वाढून अडून बसले आहे.

शेंड्याची नवी पाने पिवळी निघतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि जुनी पाने गर्द हिरवीच असतात. शेजारच्या काकांनी युरिया घालायला सांगितले होते. पण नत्र कमी पडले तर आधी जुनी पाने पिवळी पडतात, म्हणून मी तो घातला नाही. मला हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण वाटते. अनंताला साधारण 5 ते 6.5 सामू (पीएच) असलेली आम्लधर्मी माती मानवते आणि आमची माती काळी आहे. त्यातच झाडामागच्या कुंपणभिंतीचा गिलावा दोन वर्षांपूर्वी झाला, तेव्हा गवंड्यांनी उरलेला माल तिथेच मातीत ओढला होता. परवा बुंध्याजवळची मूठभर माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर ओतले, तर सोडा फसफसावा तशी ती फसफसली. म्हणजे चुना आहेच, आणि चुन्यामुळे मातीतले लोह झाडाला घेता येत नाही. पाणीही बोअरचे आहे, बादलीला आतून पांढरा थर धरतो. पावसाळ्यात पाने थोडी सुधारतात आणि दिवाळीनंतर पुन्हा पिवळी पडू लागतात, ते बहुधा यामुळेच.

हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) लिटरला 5 ग्रॅम या प्रमाणात विरघळवून दोनदा फवारला. फवारलेली पाने हिरवी झाली, पण त्यानंतर आलेली पालवी पुन्हा पिवळीच निघाली. यंदा एप्रिलमध्ये तीसेक कळ्या धरल्या होत्या. त्यांतली चार फुले उमलली, बाकीच्या कळ्या देठापाशी काळ्या पडून गळल्या. पानांमागे पिठ्या ढेकूण किंवा कोळी दिसत नाही. मधे आठवडाभर गावाला गेल्याने पाणी चुकले होते, हा दोष माझा.

जाणकारांना माझे विचारणे असे आहे. अनंताला मुळे दुखावलेली चालत नाहीत असे ऐकते. मग तीन वर्षांचे झाड मातीच्या गड्ड्यासकट काढून, तांबडी माती आणि पानांचे खत भरलेल्या मोठ्या कुंडीत हलवणे शहाणपणाचे ठरेल का, आणि हलवायचे तर पावसाच्या तोंडाशी की पावसाळा संपल्यावर? की जागेवरच ठेवून, साठवलेले पावसाचे पाणी आणि ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल असे, दुसऱ्या रसायनात बांधून ठेवलेले लोह) देत राहावे? साधे ईडीटीए चुनखडीच्या मातीत फारसे टिकत नाही, म्हणून मुद्दाम हे विचारते. कोल्हापुरात ते किरकोळ मापात कुठे मिळते, हे कोणाला ठाऊक असल्यास कृपया तेही कळवावे. सासूबाई रोज सकाळी झाडापाशी जाऊन कळ्या मोजतात, त्यामुळे प्रयोगात झाड गमावण्याची माझी तयारी नाही.