बल्ब प्रोफाइलला नवा एंड कट लागत नाही, मदत हवी आहे

दर्यावर्दी: नमस्कार. जहाजाच्या पत्र्याला बळकटी देणाऱ्या पट्ट्यांच्या, म्हणजे स्टिफनरच्या, टोकांसाठी आम्ही सॉफ्टवेअरमध्ये नवे एंड कट स्टँडर्ड (टोक कसे कापायचे याची व्याख्या) तयार केले आहे. त्यात टोची (निमुळत्या टोकाला उरणाऱ्या कडेची) उंची १५ मिमी आणि स्निपचा (तिरक्या कापाचा) कोन ३० अंश आहे. फ्लॅटबारला (सपाट पट्टीला) ते व्यवस्थित लागते, पण बल्ब प्रोफाइल (एका कडेला फुगवटा असलेली पट्टी) निवडले की यादीतच दिसत नाही आणि टोक सरळ कापलेले राहते. ब्लॉकची (जहाजाच्या सुट्या बांधल्या जाणाऱ्या भागाची) ड्रॉइंग याच आठवड्यात कार्यशाळेत द्यायची आहेत. कृपया लवकर सांगावे.

तांडेल: सॉफ्टवेअर कोणते, प्रोफाइलचा आकार कोणता आणि स्टँडर्ड याच प्रकल्पात केले की दुसऱ्या प्रकल्पाचे ड्रॉइंग उघडून अपेक्षा केलीत?

दर्यावर्दी: शिपकन्स्ट्रक्टर. बल्ब प्रोफाइल एचपी २००×१०. याच प्रकल्पात.

सुकाणू: अवेवा मरीन या जहाज-आरेखनाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्रोफाइल प्रकाराचे एंड कट मुळातच वेगळे असतात, त्यामुळे हा घोळ होत नाही. तुम्हीही तेच घ्यावे असे माझे मत आहे.

तांडेल: ब्लॉक निम्मा झाल्यावर कोणी सॉफ्टवेअर बदलत नाही. मात्र तुमच्या उत्तरातले तत्त्व इथेही लागू पडते. फ्लॅटबारला नुसता वेब (उभा सपाट भाग) असतो. एचपीच्या वेबच्या एका कडेला, एकाच बाजूने बल्ब असतो आणि तो कसा कापायचा हे फ्लॅटबारच्या व्याख्येत कुठेच नसते. बल्ब प्रोफाइलसाठी स्वतंत्र एंड कट करा. शिपकन्स्ट्रक्टर प्रकल्पाची माहिती एसक्यूएल सर्व्हरमधल्या डेटाबेसमध्ये ठेवते, तेव्हा मूळ माहितीला धक्का नको म्हणून आधी चाचणीच्या प्रकल्पात करून पाहावे.

खलाशी: मूळ प्रश्न वेगळा आहे. तिथे स्निप चालतो का? तेलवाहू आणि बल्क जहाजांच्या सामाईक नियमांनुसार गतिक (सतत बदलणारा) भार कमी असेल तिथेच स्निप केलेली टोके ठेवता येतात. शिवाय टोक शेजारच्या भागापासून साधारण २५ मिमीच्या आत हवे. पलीकडून आधार नसेल तर ४० मिमीच्या पुढे जाता येत नाही.

सुकाणू: त्यांनी ते विचारलेले नाही.

खलाशी: विचारले नाही म्हणूनच सांगितले. स्निपऐवजी ब्रॅकेट (टोकाला जोडायचा आधाराचा तुकडा) हवे असेल तर हे स्टँडर्ड बनवण्याचे कष्टच वाया जातील.

दर्यावर्दी: रचना क्लासने (जहाजे प्रमाणित करणाऱ्या संस्थेने) मंजूर केलेली आहे. तांडेल, आभारी आहे. स्वतंत्र व्याख्या केल्यावर ती यादीत आली. आता स्टारबोर्डचे (जहाजाच्या उजव्या बाजूचे) टोक बरोबर दिसते, पण पोर्टला (डाव्या बाजूला) वेब कापला जातो आणि बल्ब तसाच राहतो.

तांडेल: पोर्टचा भाग मिरर केला (आरशातल्यासारखी उलटी प्रत काढली) आहे की नव्याने ठेवला आहे, आणि बल्बची बाजू कुठे आहे? दोन्ही टोकांची चित्रे डकवा.