एमबीबीएसचं पहिलं वर्ष: ताण अभ्यासाचा की पद्धतीचा?

गोदाकाठ: भाची यंदा एमबीबीएसला लागली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नीटला उत्तम मार्क. संक्रांतीला घरी आली, तर तिळगूळ हातात तसाच आणि तोंडाने हाडांवरच्या खुणा पाठ करणं चालू. पहिल्या इंटर्नलला, म्हणजे कॉलेजच्याच अंतर्गत परीक्षेत, ॲनाटॉमीत (शरीररचनाशास्त्रात) नापास झाली होती. "मामा, आईला नको सांगूस."

पोरीचा दोष मला दिसत नाही. दोन वर्षं १८० प्रश्नांचे गोल काळे करायला शिकवलं, आणि इथे एकदम ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं, आकृतीसह इंग्रजीत लिहा. शिवाय फिजिऑलॉजी (शरीरक्रियाशास्त्र), बायोकेमिस्ट्री (जीवरसायनशास्त्र). पूर्वी या पहिल्या टप्प्याला दीड वर्ष मिळायचं, १९९७ च्या नियमांनी ते वर्षावर आणलं. पुन्हा वाढवायला हवं.

जुनी बॅच: पटलं नाही. मी १९८९ चा. दीड वर्ष होतं, तरी व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) आदल्या रात्री झोप लागायची नाही. रात्री ३ वाजता अपघाताचा पेशंट आला की पुस्तक उघडून बघायला वेळ नसतो. ॲनाटॉमी तोवर अंगात मुरलेली लागते. मुलांना इतकं जपलं तर ती उभी कधी राहणार?

इंटर्न, विदर्भ: सर, रात्री ३ वाजता माझ्या शेजारी रेसिडेंट (वरिष्ठ निवासी डॉक्टर) असतो, हाक मारली की येतो. पहिल्या वर्षी शेजारी कोणीच नव्हतं. डिसेक्शनला, म्हणजे शवविच्छेदनाच्या तासाला, एका टेबलाभोवती एवढी गर्दी की मागच्याला नर्व्ह दिसायचीच नाही. २०१९ पासून सुरुवातीला फाउंडेशन कोर्स (पूर्वतयारीचा वर्ग) आहे, त्यात भाषेचे तासही आहेत. आमच्याकडे ते हजेरीच्या सह्यांत संपले.

व्हायव्हाला मला उत्तर येत होतं, इंग्रजी वाक्य जुळत नव्हतं. मॅडमनी ह्युमरस (दंडाचं हाड) हातात दिला, म्हणाल्या, "मराठीत सांग." त्यावरच्या स्पायरल ग्रूव्हमधून (खोबणीतून) बोट फिरवत रेडियल नर्व्हचा, म्हणजे तिथून जाणाऱ्या नसेचा, अख्खा मार्ग सांगितला. त्या दिवसानंतर मी घरी परत जायचा विचार सोडला.

साताऱ्याची आई: माझ्या मुलाने नापास झाल्याचं तीन महिने लपवलं. का, तर मी गल्लीभर पेढे वाटले होते. कॉलेजला नावं ठेवण्याआधी मी स्वतःला विचारते. गोदाकाठ, बहिणीला सांगा, पण भाचीला विचारून. आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तिच्या मोबाइलमध्ये घालून द्या, तिथे मराठीत बोलता येतं.

जुनी बॅच: इंटर्न, मराठीत व्हायव्हा घ्यायला माझी हरकत नाही, मीही घेतली असती. वर्ष वाढवायला मात्र विरोधच. सहा महिने जास्त दिले तर पोरं सहा महिने जास्त घाबरतील.