टुटू: जाळीदार कापडाचं नाव की बोबडा शब्द?

रानजाई:
बॅलेतल्या मुलींचा तो आखूड, पसरट झगा म्हणजे टुटू. 'ट्यूल' नावाच्या जाळीदार कापडाचा शिवतात म्हणून टुटू, असं बरेच जण सांगतात. मला ही सारवासारव वाटते. फ्रेंच शब्दकोश सरळ लिहितात: 'क्यु' म्हणजे ढुंगण, त्याचं लाडिक रूप 'क्युक्यु', ते बोबडं होऊन 'ट्युट्यु'. 19व्या शतकात पॅरिसच्या ऑपेरात श्रीमंत वर्गणीदार पुरुषांना रंगमंचामागच्या दालनात मोकळा शिरकाव होता. फ्रेंच चित्रकार देगाच्या चित्रांत विंगेत काळी टोपी घातलेले उभे दिसतात ते हेच. नाचणाऱ्या मुली बऱ्याचदा गरीब घरच्या. पोशाखाला असं नाव पडण्यात त्या नजरेचा वाटा आहे, आणि बॅले शिकणाऱ्या मुलींना तो जाणत्या वयात कळायलाच हवा.

सुतकताई:
असहमत. ट्यूल हे फ्रान्समधलं गाव, कापडाचं नाव तिथूनच आलं. ताठ टुटूत जाळीचे दहा-बारा थर एकाखाली एक शिवलेले असतात, खालचे आखूड, वरचे लांब. म्हणजे अख्खा झगा जाळीचाच. इतकं जवळचं नाव समोर असताना ढुंगणापर्यंत जायचं कशाला?

अडगुलंमडगुलं:
उच्चार बघा ना. 'ट्यूल'मधला ल फ्रेंच माणूस स्पष्ट म्हणतो. 'क्यु'च्या स्पेलिंगमध्ये ल आहे, पण तो मुका. ट्यूलपासून शब्द आला असता तर हा ल गेला कुठे? उलट क-चा त होणं अगदी नैसर्गिक आहे. आपल्याकडची बाळंही काकाला 'ताता' म्हणतात. दुसरं, 1832 साली 'ला सिल्फीद' या बॅलेत नर्तकी मारी ताल्योनीने घातलेला पांढरा झगा पोटरीपर्यंत होता आणि मलमलीचा होता. आज आपण त्याला 'रोमँटिक टुटू' म्हणतो, पण टुटू हा शब्द रुळला तो 19व्या शतकाच्या अखेरीस, झगे आखूड होत गेले तेव्हा. हे ढुंगणाच्याच बाजूने जातं.

पदन्यास:
व्युत्पत्ती मान्य. रानजाईंचा निष्कर्ष अजिबात मान्य नाही. झगा आखूड झाला तो नाचासाठी. 1895 मध्ये सेंट पीटर्सबर्गला 'स्वान लेक' या बॅलेत नर्तकी पिएरिना लेन्यानीने एका पायावर सलग 32 गिरक्या घेतल्या. दुसरा पाय प्रत्येक गिरकीला चाबकासारखा बाहेर फेकायचा असतो. घोळदार लांब झग्यात त्यातलं काय दिसणार? त्याच्याही आधी, 18व्या शतकात, नर्तकी कामार्गोने पायांचं काम दिसावं म्हणूनच झगा वर घेतला होता. आणि बोबडा शब्द वर्गणीदारांनीच काढला हे कशावरून? झगे शिवणाऱ्या बायकांचा असेल, नाचणाऱ्या पोरींचा असेल. तुम्ही तो परस्पर पुरुषांच्या नावावर करताय.

रानजाई:
शब्द कोणी काढला यावर मी अडून बसत नाही. पण पोशाख कसा दिसावा याची किंमत मुलींनीच मोजली. पॅरिसची नर्तकी एमा लिव्री हिने आगरोधक प्रक्रिया केलेलं कापड नाकारलं, कारण ते ताठ आणि मळकट दिसायचं. 1862 च्या तालमीत गॅसच्या दिव्याने तिचा झगा पेटला. 1863 मध्ये ती गेली, वय 20. हे दिसणं कुणासाठी होतं?

पदन्यास:
नाचासाठी! तरंगणारा, हवेसारखा झगा हा त्या नाचाचा अर्धा जीव होता आणि तिला ते कळत होतं. तिला निव्वळ बळी म्हणणं म्हणजे तिच्यातली कलाकार पुसून टाकणं. याचा मला मनापासून राग येतो.

सुतकताई:
ल-चा मुद्दा बिनतोड आहे, तो मला खोडता येत नाही. पण जाणत्या वयाची वाट कशाला? आठ वर्षांच्या मुलीला शब्दाचा अर्थ आजच सांगा. ती खिदळेल आणि जन्मभर विसरणार नाही. वर्गणीदारांचं मात्र सोळा-सतराव्या वर्षी, देगाची चित्रं समोर ठेवून सांगा.