शब्दचर्चा: सौजन्य, बांधिलकी की दायित्व?

कागल तालुक्यातून प्रश्न

आमच्या गावच्या प्राथमिक शाळेच्या दोन वर्गखोल्या नव्यानं बांधून झाल्या. पैसे पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका मोठ्या कंपनीनं दिले. आता दर्शनी भिंतीवर फलक लावायचाय, ग्रामसभेच्या ठरावातही उल्लेख करायचाय, आणि मजकूर लिहायचं काम माझ्याकडं आलंय. कंपनीकडून आलेल्या कागदात ‘सामाजिक बांधिलकीतून’ असं आहे. मुख्याध्यापक म्हणतात, ‘यांच्या सौजन्याने’ लिहा, आजवर तसंच लिहीत आलोय. ग्रामसेवकांनी ‘सामाजिक दायित्व निधीतून’ सुचवलं. गावात मात्र ‘सीएसआरमधनं खोल्या झाल्या’ एवढंच म्हणतात, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी कायद्यानुसार समाजासाठी करायच्या खर्चातनं. या शब्दांत खरंच फरक आहे का? असेल तर फलकावर कुठला लिहावा?

इचलकरंजीहून

‘सौजन्याने’ तेवढं टाळा. सुजनाचा गुण ते सौजन्य. दाखवलं तर आभार मानायचे, नाही दाखवलं तर तक्रारीला जागा नाही. शिवाय हा शब्द आता जाहिरातीचा झालाय. गणपतीतल्या कमानीवर, बसथांब्याच्या छपरावर, क्रिकेट स्पर्धेच्या चषकावर, दिनदर्शिकेच्या खालच्या पट्टीवर, जिथं पाहाल तिथं ‘सौजन्य’. शाळेच्या भिंतीवर तोच शब्द चढला की वर्गखोलीचीही कमान होते. आणि सीएसआरच्या 2021 पासूनच्या नियमांत आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरच्या खर्चात धरताच येत नाही. म्हणजे हा शब्द कंपनीच्याही सोयीचा नाही.

कोल्हापूरहून

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. बाकीच्या शब्दांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण यात नुसत्या फलकापेक्षा बरंच काही अडकलंय.

‘बांधिलकी’ आली ‘बांधील’वरून. मूळ अर्थ बांधलेपणाचा, पण मराठीत ती रुळली ती स्वतःहून मानलेलं बंधन या अर्थानं. लेखकाला सामाजिक बांधिलकी असावी की नसावी यावर आपल्याकडं भरपूर शाई खर्च झाली, आणि त्या सगळ्या वादात एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य होती की बांधिलकी आतून येते. शिक्षकाला असते, डॉक्टरला असते, तालमीत पहाटे पोरांना तयार करणाऱ्या वस्तादाला असते. तिचे टक्के कुणी काढत नाही.

‘दायित्व’ मात्र हिशेबाच्या वहीतला शब्द आहे. ताळेबंदात एका बाजूला मत्ता, दुसऱ्या बाजूला दायित्वं. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात ‘मागचं दायित्व किती?’ असं विचारतात तेव्हा काम झालंय पण बिल द्यायचं राहिलंय, ती रक्कम विचारलेली असते. दायी म्हणजे देणारा. दायित्व म्हणजे देणं. ‘आपण समाजाचं काही देणं लागतो’ असं आपण सहज म्हणतो, त्यातलंच देणं, फक्त ठरावाच्या भाषेतलं.

आता कंपनी अधिनियम, 2013 मधलं कलम 135 बघा. 1 एप्रिल 2014 पासून ते लागू आहे. आधीच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीचं नक्त मूल्य (मत्तेतून देणी वजा जाता उरतं ते) 500 कोटी रुपये किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी किंवा त्याहून जास्त असेल, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम समाजाच्या कामांवर खर्च करायची. समजा एखाद्या कंपनीला तीन वर्षांत 40, 50 आणि 60 कोटी नफा झाला. सरासरी 50 कोटी, त्याचे दोन टक्के म्हणजे 1 कोटी. हा आकडा कंपनीच्या मर्जीनं ठरत नाही, गणितानं ठरतो.

पहिली काही वर्षं कायद्याचा सूर मवाळ होता. खर्च केला नाही तर संचालक मंडळानं अहवालात कारण लिहायचं, भागलं. त्या काळात ‘बांधिलकी’ म्हणणं एक वेळ चाललं असतं. 22 जानेवारी 2021 पासून चित्र बदललं. चालू प्रकल्पाचे पैसे उरले तर आर्थिक वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून तीन वर्षांत खर्चायचे. असा चालू प्रकल्प नसेल तर सहा महिन्यांत याच कायद्याच्या अनुसूची 7 मधल्या एखाद्या निधीत भरायचे. नाही भरले तर कंपनीला दंड: भरायच्या रकमेच्या दुप्पट किंवा 1 कोटी, यातली जी रक्कम कमी असेल ती. ज्याला मुदत आहे, ज्याचं वेगळं खातं आहे, जे चुकवलं तर दंड आहे, त्याला मराठीत देणंच म्हणतात. म्हणून ग्रामसेवकांचा शब्द बरोबर.

गावानं तो आग्रहानं वापरावा असं मला मनापासून वाटतं. ‘कंपनीनं मदत केली’, ‘देणगी दिली’ या वाक्यांत गाव नकळत खाली उभं राहतं. मग खोलीचा स्लॅब पहिल्याच पावसात गळला तरी ‘दिलंय ते काय कमी आहे’ म्हणून कुणी बोलत नाही. शाळेच्या आवारात बसवलेली पाणी शुद्ध करायची यंत्रं बघा. उद्घाटनाचा फोटो छान येतो, वर्षभरात फिल्टर बदलायची वेळ येते, आणि विचारायचं कुणाला हेच कुणाला ठाऊक नसतं. यंत्रावर कंपनीचं नाव ठळक, दुरुस्तीसाठीचा फोन नंबर कुठंच नाही. देणगी म्हणून घेतलेल्या वस्तूबद्दल प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही. देण्याबद्दल रेटते.

गोकुळ शिरगावहून

मी कंपनीत हिशेबाचं काम करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ‘दायित्व’ शब्द मान्य, पण ते देणं कुणाचं, हे स्पष्ट हवं. कायद्यानं कंपनीला खर्च करायला लावलंय, अमुक गावाला द्यायला नाही. कलमात स्थानिक भागाला ‘प्राधान्य’ द्यावं असं आहे खरं, पण केंद्र सरकारनं 2021 च्या खुलाशात ते मार्गदर्शक आहे, सक्तीचं नाही, असं सांगितलंय. कागलमधली कंपनी गडचिरोलीत दवाखान्याला पैसे देऊ शकते आणि ते नियमात बसतं. तेव्हा ठरावात ‘आमच्या हक्काचा निधी’ असं कृपया लिहू नका, ते टिकणार नाही. ‘स्थानिक क्षेत्रास प्राधान्य या तरतुदीनुसार मागणी’ असं लिहा. आमच्याकडं गावांची पत्रं येतात त्यात बहुतेक ‘आर्थिक मदत मिळावी ही नम्र विनंती’ असतं आणि खाली कशासाठी, किती, कुणाच्या जागेवर, यातलं काहीच नसतं. कंपनीच्या सीएसआर समितीपुढं ठेवायला त्यात काही सापडत नाही. गरजेचा नेमका आकडा, जागेचा उतारा आणि ठरावाची प्रत जोडलेला साधा अर्ज त्याहून कितीतरी वजनदार.

आणखी एक. बांधलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही. ती शासकीय संस्थेकडं, नोंदणीकृत न्यासाकडं किंवा लाभार्थ्यांच्या गटाकडंच जावी लागते. खोल्या शाळेच्या, म्हणजे जिल्हा परिषदेच्या. त्यामुळं फलकावर नुसतं ‘लोकार्पण’ न लिहिता ‘हस्तांतरण’ आणि त्याची तारीखही लिहा. पुढं डागडुजीचा प्रश्न निघाला की तोच शब्द कामी येतो.

कोल्हापूरहून

‘हक्क’ आणि ‘प्राधान्य’ यांतला फरक दाखवलात ते फार चांगलं झालं. देणं समाजाचं, आणि गाव त्या समाजात मोडतं. पण गावाच्या एकट्याच्या नावावर ते लिहिलेलं नाही. मान्य.

इथंच मला ‘उत्तरदायित्व’ हा शब्द जवळचा वाटतो. उत्तरदायी म्हणजे उत्तर देणारा. आपला रोजचा ‘जबाबदारी’ हा शब्दही घडणीनं तोच: जबाब म्हणजे उत्तर, ते देणं ज्याच्याकडं तो जबाबदार. एक संस्कृतातून आला, दुसरा अरबी-फारसीतून, आणि दोघांनी मिळून सांगितलं एकच. पैसे कुठं द्यायचे हे कंपनी ठरवेल, पण कुठं दिले हे विचारलं तर उत्तर तिला द्यावंच लागेल. नियमांत त्याची सोय आहे. संकेतस्थळ असलेल्या कंपनीनं समितीत कोण आहे, धोरण काय आहे आणि मंडळानं कुठले प्रकल्प मंजूर केलेत, हे तिथं सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं असतं. आपल्या गावांतली पोरं मोबाइलवर सातबारा काढतात, हेही काढू शकतील.

‘निगमित सामाजिक दायित्व’ असंही हल्ली वाचायला मिळतं. ते हिंदीतून आलंय. मराठीत निगम म्हटलं तर कंपनी डोळ्यांपुढं येत नाही, म्हणून ‘निगमित’ गाळलेलंच बरं. ‘जिम्मेदारी’चंही तेच. आपली जबाबदारी आहे, तीच वापरू.

वारणेच्या भागातून

विषयाला धरून एक भर घालतो. आपल्या जिल्ह्यातली बरीच मोठी धुराडी कलम 135 मध्ये येतच नाहीत. सहकारी साखर कारखाना म्हणजे कंपनी नव्हे. त्याची नोंदणी सहकार कायद्याखाली. दूध संघांचंही तसंच. तरी शाळा, महाविद्यालयं, दवाखाने, रस्ते या संस्थांभोवती उभे राहिलेच. वारणानगर बघा: तात्यासाहेब कोऱ्यांनी कारखाना काढला आणि त्याच्याभोवती शिक्षण, दूध, वाद्यवृंद असं सगळं वाढत गेलं. तिथं ‘सामाजिक दायित्व निधी’ हा शब्द लावणं चूक. तिथला शब्द ‘सभासद’. कारखाना त्याचाच, त्यामुळं उसाच्या बिलातून कपात झाली तर तो सर्वसाधारण सभेत उभा राहून विचारतो. खासगी साखर कारखाना मात्र कंपनी असतो, निकषात बसला तर त्याला कलम लागू. शेजारी-शेजारी दोन चिमण्या, आणि दोघांसाठी शब्द वेगळे. लिहिताना हे भान हवं.

शिरोळ तालुक्यातून

आम्ही पंचगंगेच्या खालच्या अंगाला राहतो, म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. ‘सामाजिक दायित्व म्हणून सांडपाण्यावर प्रक्रिया’ असं कुणी छापलं तर ते खोडून काढा. सांडपाणी शुद्ध करूनच सोडायचं हे 1974 च्या जल प्रदूषण कायद्यानं घातलेलं बंधन आहे, आणि कायद्यानं आधीच बंधनकारक असलेली गोष्ट या दोन टक्क्यांत धरता येत नाही. कामगारांच्या सोयीही धरता येत नाहीत. उन्हाळ्यात नदीवर जलपर्णी पसरते, पाण्याला वास सुटतो, मेलेले मासे काठाला लागतात. त्या पाण्याचं जे देणं आहे ते वेगळं आणि आधीचं. गावाला बाकं देऊन ते फिटत नाही.

कसबा बावड्याहून

‘दत्तक गाव’ या शब्दाबद्दल कुणीच बोललं नाही. कंपन्यांच्या फलकांवर तो फार दिसतो आणि अनेकांना खटकतो, गाव काय पोरकं आहे का म्हणून. मला उलट वाटतं. शब्द वापरायचाच असेल तर पूर्ण अर्थानं वापरा. कोल्हापुरात दत्तक म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव 17 मार्च 1884 रोजी दत्तक आले, ते शाहू छत्रपती झाले. दत्तकाला नाव मिळतं, गादी मिळते, वाटा मिळतो. जुन्या धर्मशास्त्रात वारसाच्या वाट्याला ‘दाय’ म्हणतात, त्यावरूनच वाटेकरी भाऊबंदांना दायाद. दत्तक घेतलेल्या पोराला कुणी दोन वर्षांनी परत पाठवत नाही. तीन वर्षांचा प्रकल्प संपला की फलक काढून पुढच्या गावाला लावायचा असेल तर त्याला दत्तक म्हणू नये. ‘प्रकल्पातील गाव’ हा साधा शब्द आहे, तो लिहावा.

कागल तालुक्यातून

सगळ्यांचे आभार. मुख्याध्यापकांना ‘सौजन्य’बद्दलचं वाचून दाखवलं, त्यांना पटलं. मजकूर असा केलाय, बघून सांगा:

‘या दोन वर्गखोल्या (कंपनीचे नाव) यांच्या सामाजिक दायित्व निधीतून बांधण्यात आल्या व दिनांक … रोजी जिल्हा परिषदेकडे हस्तांतरित करण्यात आल्या. देखभाल व दुरुस्ती: …’

शेवटची जागा मोकळी ठेवलीय. तिथं कुणाचं नाव यायचं हे ग्रामसभेत कंपनीचा माणूस समोर असतानाच ठरवू.

इचलकरंजीहून

मजकूर चांगला झालाय. रंगाऱ्याला देण्याआधी शुद्धलेखन तेवढं बघा. ‘दायित्व’मधला ‘यि’ ह्रस्व, स्थायित्व आणि स्वामित्व यांच्यासारखाच, ‘दायीत्व’ चूक. कंपनीच्या कागदात ‘बांधीलकी’ असेल तर तेही चूक. ‘बांधील’मध्ये ‘धी’ दीर्घ, पण ‘बांधिलकी’मध्ये ह्रस्व. ‘हस्तांतरित’मध्येही ‘रि’ ह्रस्व.